वाण्याच्या नावाचा पैसा

1862 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या दुकानदारांच्या गल्ल्यांतून मोड नाहीशी झाली. यादवी युद्ध सुरू होऊन सव्वा वर्ष झालं होतं. आदल्या डिसेंबरच्या अखेरीस बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं होतं, आणि फेब्रुवारीत सरकारने कायदा करून नुसत्या शब्दावर चालणाऱ्या, मागच्या बाजूला हिरवी छपाई असलेल्या नोटा काढल्या होत्या. त्या नोटांचा भाव घसरायला लागला तशी नाणी घराबाहेर पडेनाशी झाली. आधी सोनं गेलं. ते तसंही सामान्य माणसाच्या हाती क्वचितच यायचं. मग अर्धा डॉलर, पाव डॉलर, दहा सेंटांचा डाइम ही सगळी चांदीची पिलावळ गेली. कागदी डॉलर स्वस्त झाल्यावर ही नाणी कॅनडात नेऊन विकली तरी चार पैसे सुटत होते, आणि चार पैसे सुटत असताना देशप्रेमापोटी कुणी हात आखडता घेतल्याचं निदान व्यापाराच्या इतिहासात तरी फारसं दिसत नाही. शेवटी गेला एक सेंट. त्यात चांदी औषधालाही नव्हती. 88 टक्के तांबं आणि 12 टक्के निकेल, बस्स. तरी लोकांनी तोही डब्यात घालून ठेवला, कारण हातात धरता येईल असं ते शेवटचं खणखणीत काहीतरी उरलं होतं.

सोनं-चांदी गेल्याने सामान्य माणसाचं फारसं अडत नाही. मोड गेली की मात्र सकाळपासून अडायला लागतं. वर्तमानपत्र, घोड्यांच्या ट्रामचं भाडं, पावाची लादी, बिअरचा पेला हे सगळं सेंटांत. एक डॉलरची नोट काढून दिली तर पाववाल्याने उरलेले पैसे कशात परत करायचे? काही दुकानदारांनी वर पैसे मोजून सेंटांच्या थैल्या विकत घ्यायला सुरुवात केली. म्हणजे पैशाने पैसा विकत घ्यायचा, तोही चढ्या भावाने.

सरकारने 17 जुलैला कायदा करून पोस्टाच्या तिकिटांना चलनाचा दर्जा दिला. उन्हाळा, घामट खिसे आणि तिकिटाच्या पाठीचा डिंक! दोन दिवसांत तिकिटांचे गोळे व्हायला लागले. मग जॉन गॉल्ट नावाच्या माणसाने ऑगस्टमध्ये पेटंट घेतलं. पितळी बटणासारखी चकती, तिच्यात तिकीट दुमडून बसवायचं आणि वरून अभ्रकाची पारदर्शक टिकली लावायची. कनेटिकटमधल्या वॉटरबरीच्या ज्या कारखान्यात बटणं बनत, तिथेच या चकत्या बनल्या. मागच्या बाजूला जागा मोकळी राहते म्हणताच ती औषधवाल्यांनी जाहिरातीसाठी विकत घेतली. माझ्याकडे अशी एक चकती आहे. अभ्रकाला तडा गेला आहे आणि आतल्या वॉशिंग्टनचा चेहरा धुक्यातून पाहिल्यासारखा दिसतो. मागे रक्त शुद्ध करणाऱ्या काढ्याची जाहिरात. सुंदर वस्तू आहे, पण मला तिच्याबद्दल तितकंसं प्रेम वाटत नाही. ती फार हुशार आहे, आणि महागही होती. तिकिटाची किंमत अधिक पितळ अधिक अभ्रक. गरजेतून निघालेल्या वस्तूला इतका नट्टापट्टा शोभत नाही.

मला आवडतात ती टोकनं. त्याच वर्षीच्या शरदात ओहायोतल्या सिनसिनाटीत, आणि मागोमाग न्यूयॉर्क, डेट्रॉइट, मिलवॉकी, शिकागो अशा शहरांत दुकानदारांनी स्वतःच तांब्याचे पैसे पाडून घेतले. आकार अगदी सेंटाइतका, 19 मिलिमीटरच्या आसपास. वजनाला हलके. एका बाजूला दुकानदाराचं नाव, धंदा, पत्ता. दुसऱ्या बाजूला ठसे बनवणाऱ्याकडे तयार असलेलं एखादं चित्र : झेंडा, तोफ, गरुड, इंडियन शिरपेचातली स्वातंत्र्यदेवी. काहींवर दुकानाचं नावही नसायचं, दोन्ही बाजूंना नुसता देशभक्तीचा मजकूर. 1864 पर्यंतच्या जेमतेम दोन वर्षांत अशी किमान अडीच कोटी टोकनं निघाली असावीत असा अंदाज आहे. ठशांच्या जोड्या मोजल्या तर प्रकार दहा हजारांच्या वर जातात.

आमचं घर सिनसिनाटीपासून गाडीने तासाभरावर आहे. टोकनं काढणारे सगळ्यांत जास्त दुकानदार याच शहरात होते. नदीकाठचं, डुकराच्या मांसाच्या धंद्यावर पोसलेलं, जर्मन वस्तीचं गाव. शहरातून जाणाऱ्या कालव्याला लोक गमतीने ऱ्हाइन म्हणत आणि पलीकडच्या जर्मन भागाला ‘ऱ्हाइनपार’. तिथे ठसे कोरणारे तीन-चार तरबेज कारागीर होते, स्टँटन, लॅनफियर, मर्डॉक. त्यांच्या कारखान्यात जायचं, मागची बाजू आपल्या पसंतीची निवडायची, पुढच्या बाजूवर आपलं नाव कोरून घ्यायचं आणि हजारभर पैसे घेऊन यायचं. दुकानदाराला एक टोकन एका सेंटापेक्षा स्वस्त पडे. ते गल्ल्यातून गिऱ्हाइकाच्या हाती गेलं की तिथेच थोडी कमाई, आणि परत आलंच नाही तर सगळीच. धंदेवाल्यांनी हे परोपकार म्हणून केलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. टोकनं गोळा करणारे लोक पुष्कळदा या दुकानदारांना संतपदाला नेऊन बसवतात.

पण वाचायला बसावं तर ही टोकनं म्हणजे एका शहराची बाजारपेठच. न्यूयॉर्कच्या व्हेसी स्ट्रीटवरचे वाणी स्टोरी आणि साउथवर्थ. खाटीक थॉमस व्हाइट. ब्रोआस बंधू, पाय भाजणारे. विल्यम स्ट्रीटवरची हसीची खासगी टपाल सेवा. ट्रॉय गावचा पिठाच्या गिरणीवाला ऑलिव्हर बाउटवेल. त्याच्या टोकनावर सरळ लिहिलेलं आहे की माझ्या कचेरीत आणून द्या, पैसे मिळतील. आणि माझा लाडका जे. एल. बोडे, नॉर्थ विल्यम स्ट्रीट, धंदा : मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून देणे. देशात युद्ध पेटलेलं, रोज मेलेल्यांच्या याद्या छापून येताहेत, आणि हा गृहस्थ तांब्यावर नाव कोरून सांगतोय की पक्षी भरून मिळतील. लोक त्याचे पैसे घेत होते. पक्ष्यांशी काही देणंघेणं नसलेले लोकही घेत असणार, कारण पुढच्या गल्लीतला पाववाला ते घेत होता.

काही टोकनं चक्क लबाड आहेत. मधोमध मोठ्या अक्षरांत ‘एक सेंट’, आणि वर डोळ्यांत तेल घालून पाहिल्याशिवाय दिसणार नाही असं बारीक ‘नाही’. म्हणजे कायद्याने विचारलं तर आम्ही कुठे सेंट म्हणालो? काहींवर ‘देणे लागतो एक सेंट’ असं प्रामाणिकपणे कबूल केलेलं. आणि एका प्रसिद्ध टोकनावर चूकच आहे. युद्धाआधी अर्थखात्याचे मंत्री असलेले जॉन डिक्स यांनी तार केली होती की अमेरिकेचा झेंडा कुणी खाली उतरवायला गेला तर त्याला जागच्या जागी गोळी घाला. हे वाक्य भलतंच लोकप्रिय झालं, टोकनांवर आलं. घाईत ठसा कोरणाऱ्या कुणीतरी शेवटच्या शब्दात एक ‘ओ’ जास्त घातला. आज ते चुकीचं टोकन शुद्धलेखनवाल्या टोकनापेक्षा जास्त भावाने जातं. शाळेत माझे ऱ्हस्वदीर्घाचे मार्क कापणाऱ्या बाईंना हे दाखवायला हवं होतं.

हा छंद चालतो कसा, तेही सांगते. या टोकनांची सूची मेल्विन आणि जॉर्ज फुल्ड या बापलेकांनी तयार केली. त्यांच्याआधी 1924 मध्ये हेट्रिच आणि गटाग यांची होती, पण आज सगळे फुल्डच्या क्रमांकांतच बोलतात. प्रत्येक ठशाला एक आकडा, शहराला आकडा, दुकानदाराला अक्षर, धातूला अक्षर. दुर्मीळपणाची मापंही ठरलेली : पाच हजारांहून जास्त असतील तर पहिली पायरी, जगात एकच असेल तर दहावी. 1967 पासून या टोकनांना वाहिलेली एक संस्था आहे. नाण्यांच्या प्रदर्शनांत तिचे लोक लगेच ओळखू येतात. बाकीचे विक्रेते नाण्यांची चमक दाखवत असतात आणि हे लोक भिंगातून कडेचं काहीतरी बघत असतात.

काय बघतात? तडा. पोलादी ठसा हजारो वेळा आदळून तडकतो, आणि त्या तड्याची बारीक उंच रेघ पुढच्या प्रत्येक टोकनावर उमटते. माझ्याकडे सिनसिनाटीच्या एका किराणावाल्याचं टोकन आहे. माणसांच्या बोटांनी त्याचं नाव जवळजवळ पुसून टाकलं होतं. वर दोन अक्षरं, मध्ये ‘किराणा’ आणि खाली शहराचं नाव, एवढंच उरलं होतं. मागच्या बाजूला मात्र एका ताऱ्यापासून काठापर्यंत केसासारखी रेघ. तो ठसा कुठला हे रेघेवरून कळलं. त्या ठशाबरोबर त्या शहरातल्या कुठल्या किराणावाल्यांची जोडी लागते ते सूचीत मिळालं, आणि उरलेली दोन अक्षरं एकाच नावात बसली. मग सिनसिनाटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाने जुन्या शहर-निर्देशिका संगणकावर वाचायला ठेवल्या आहेत, त्यांत त्याला गाठलं. नाव, ‘किराणा’, रस्ता, आणि पुढे राहण्याचा पत्ता तोच. खाली दुकान, वर घर.

हे टोकन मला एका म्हाताऱ्या विक्रेत्याने खोकडातून, म्हणजे ‘कुठलंही एक दोन डॉलरला’ लिहिलेल्या डब्यातून दिलं. त्याच्या लेखी ते भंगार. संग्राहकाला टोकन हवं असतं कोरं करकरीत, ठशातून आत्ताच पडल्यासारखं. शंभराच्या फरकाने नाही, कधीकधी हजाराच्या फरकाने भाव वाढतो. या एका बाबतीत माझं त्या मंडळींशी कधीच जमलं नाही. पैसा कोरा राहिला याचा अर्थ तो चाललाच नाही. आणि त्यातली पुष्कळ टोकनं तर चालण्यासाठी बनलीच नव्हती. युद्ध चालू असतानाच संग्राहकांना या टोकनांचं वेड लागलं होतं, आणि ठसेवाल्यांना ते वेड बरोबर कळलं. त्यांनी चांदीत, निकेलमध्ये, पितळेत, कधी जुन्या डाइमवरच ठसा मारून, कुठलीही पुढची बाजू कुठल्याही मागच्या बाजूला जोडून हौशी लोकांसाठी ‘दुर्मीळ’ माल तयार केला. आज फुल्डच्या मापावर नवव्या-दहाव्या पायरीवर बसलेले अनेक नग असे आहेत की त्यांनी कधी पावाचा तुकडासुद्धा विकत घेतला नाही. ते नऊशे डॉलरला विकले जातात आणि माझा किराणावाला दोन डॉलरला. मला काय, चांगलंच आहे.

घासणं तरी कशाने होतं? खिसे, गल्ले, टेबलाच्या फळ्या, बोटं. दोन वर्षांत इतकं पुसलं जायला ते किती हातांतून गेलं असेल याचा हिशेब करता येणार नाही, पण अंतराचा अंदाज करता येतो. त्या वाण्याला जेवढे लोक ओळखत होते तेवढीच त्याच्या पैशाची धाव. चार-सहा गल्ल्या. तिथपर्यंत माणूस मनाशी म्हणत असेल, हा कुठे पळून जातोय, वरच तर राहतो. त्यापलीकडे गेलं की ते नुसतं तांबं.

आणि तो धोका खराच होता. गुस्टाव्हस लिंडेनम्युलर हा न्यूयॉर्कचा बिअरवाला. त्याच्या टोकनावर एका बाजूला त्याचा दाढीवाला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला फेसाळता पेला. त्याने अशी दहा लाखांच्या वर पाडली असं सांगतात. ती पेल्यांतून ट्रामवर गेली, कारण थर्ड ॲव्हेन्यू रेलरोडचे कंडक्टर सुट्याअभावी मिळेल ते घेत होते. कंपनीने लिंडेनम्युलरची टोकनं वेगळी काढून साठवली आणि ढीग झाल्यावर त्याच्याकडे मोड मागितली. तो हसला, आणि त्याने नकार दिला. कंपनीला काही करता आलं नाही, कारण तो पैसा द्यायला तो कायद्याने बांधलेला कुठे होता? गल्लीतल्या एखाद्या म्हातारीने दोन टोकनं आणून टेबलावर ठेवली असती तर बहुधा त्याने बिनबोभाट मोजून दिलं असतं. चार शेजाऱ्यांसमोर म्हातारीला हसणं परवडत नाही. रेल्वे कंपनीला परवडतं. सरकारने पुढे जो कायदा केला त्यामागे हा किस्सा होता असं टोकनांच्या सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. किस्सा इतका सोयीचा आहे की मी तो जरा जपूनच घेते.

कायदा मात्र खरा. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीचे प्रमुख जेम्स पोलॉक यांनी एक गोष्ट बरोबर हेरली. लोक या हलक्या तांब्याच्या टोकनांना नाकं मुरडत नव्हते, मग सरकारी सेंटात महागडं, ठशांना त्रास देणारं निकेल हवंच कशाला? 22 एप्रिल 1864 च्या कायद्याने सेंट कांस्याचा झाला, वजनाने सव्वातीन ग्रॅमच्या आत आला, म्हणजे जवळजवळ वाण्यांच्या टोकनासारखाच. त्याच कायद्याने खासगी एक-दोन सेंटांवर बंदी आली, आणि 8 जूनच्या कायद्याने उरलीसुरली खासगी नाणीही संपली. त्याच वर्षी दोन सेंटांचं नवं नाणं निघालं. त्यावर पहिल्यांदा ‘आमचा देवावर विश्वास आहे’ हे वाक्य आलं. बाउटवेलने आपल्या गिरणीचा हवाला दिला होता, सरकारने थेट वरच्याचा दिला.

लष्कराबरोबर फिरणाऱ्या दुकानदारांचीही टोकनं होती, ती मी जमवत नाही. पगार महिनोन्‌महिने अडकलेल्या शिपायाला दुकानदार उधारीवर पाच, दहा, पंचवीस सेंटांची टोकनं द्यायचा, ती त्याच्याच तंबूत चालायची, त्याच्याच भावाने, आणि पगाराच्या दिवशी वसुली. आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांना जी टोकनं मिळत ती याच जातकुळीची. ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही त्याने पैसा स्वीकारला, यात विश्वास कुठे आला? बाजारात या टोकनांना भाव चांगला आहे. असो.

माझं माहेर खामगावचं. कापसाचं आणि चांदीचं गाव. अमेरिकेतून नाणी नाहीशी होत होती त्याच महिन्यांत आमच्याकडे ती का वाहत आली, हे मला इकडे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि इंग्लंड हिंदुस्थानच्या कापसामागे लागलं. युद्धाच्या त्या वर्षांत एकट्या मुंबईच्या पदरात नेहमीपेक्षा कोट्यवधी पौंड जास्त पडले असा तेव्हाचा हिशेब आहे. किंमत पुष्कळशी चांदीतच आली. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा जमाना, बॅक बेच्या भरावाच्या शेअरांचा सट्टा, रोज नवी बँक. वऱ्हाड-नागपूरकडच्या शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा साहेबांनी मोठ्या चवीने सांगितल्या. चाकं किती आणि थापा किती कोण जाणे, पण चांदी आली होती. 1865 च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापूस कोसळला, आणि 1 जुलैला वायद्यांची मुदत भरली तेव्हा मुंबई धाडकन खाली आली.

म्हणून माझ्या टोकनांच्या ट्रेमध्ये एक राणीछाप रुपया आहे. 1862 चा. आईने पाठवणीच्या वेळी ओटीत घातलेला. त्याच्या दुर्मीळपणाबद्दल मला कुणी विचारलं की हसू येतं, कारण या रुपयावर 1862 हा आकडा पुढे 1874 पर्यंत तसाच कोरत राहिले. खरं वर्ष कळावं म्हणून मुंबईच्या टाकसाळीने बारीक ठिपके तेवढे घातले. आमच्याकडे ज्याच्या-त्याच्या फडताळात हा रुपया सापडतो. भोवती सगळं तांबं आणि मध्ये ही साडेअकरा ग्रॅमची थोराड बाई, कानापर्यंत दागिने ल्यालेली. नवरा म्हणतो, ती तिथे पाहुणी म्हणून आलीय आणि यजमान उपाशी आहेत.

पण आमच्याकडेही उपास आला, ऐंशी वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धात. रुपयातली चांदी 1940 मध्ये निम्म्यावर आली, एक रुपयाची नोट आली, गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं हा गुन्हा ठरला, आणि तरी सुटे गायब. 1943 मध्ये भोकाचा पैसा निघाला, धातू वाचावा म्हणून मधलं तांबंच काढून घेतलेला. मोरवी, नवानगर, बिकानेर, बुंदी अशा संस्थानांनी जाड कागदाच्या कूपनांवर आणे-पैसे छापले. आणि खामगावात माझ्या आजोबांनी किराणा दुकानात चिठ्ठ्या काढल्या. आजी सांगायची त्यावरून, विड्यांच्या बंडलांचे पुठ्ठे कापून त्यावर दुकानाचा रबरी शिक्का, जांभळ्या शाईत, आणि खाली आजोबांची मोडीतली सही. एक चिठ्ठी एक पैसा. दळणवाला घ्यायचा, भाजीवाली घ्यायची, स्टेशनाबाहेरचा टांगेवाला घ्यायचा नाही.

शेजारच्या एका पोराने बटाटा कोरून तसाच शिक्का केला. त्याने चार चिठ्ठ्या आणून गूळ-शेंगदाणे मागितले. आजोबांनी चिठ्ठी उजेडात धरली, पोराच्या एक ठेवून दिली आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना म्हणाले, ‘‘शिक्का बरा जमलाय, पण मोडी कुठे येतंय याले!’’ पोर पुढे टाइपरायटिंगचा क्लास काढून नावारूपाला आलं, एवढं आजी आवर्जून सांगायची. चिठ्ठ्यांपैकी एकही उरली नाही. आजोबांनी एकेक परत घेतली आणि चुलीत घातली. परत आलेली चिठ्ठी पुन्हा बाहेर गेली तर ती दोनदा फेडावी लागेल, असा त्यांचा साधा हिशेब. खरं तर संग्राहकाच्या दृष्टीने यापेक्षा वाईट काही नाही.

त्या मानाने आपली हल्लीची सोय फारच मिळमिळीत. मी माहेरी जायचे तेव्हा औषधाच्या दुकानात दोन रुपयांऐवजी हातावर चॉकलेट ठेवलं जायचं. दुसऱ्या दिवशी तेच चॉकलेट दोन रुपये म्हणून परत करून बघा बरं! ट्रामवाल्यांना हसणारा लिंडेनम्युलर निदान आपल्या पैशावर आपलं तोंड तरी छापत होता. आता तर तेही संपलं. भाजीवालीच्या टोपलीला चौकटी-चौकटींचा कोड अडकवलेला असतो आणि पैसे पडल्याचं डबडं ओरडून सांगतं. सुट्यांचं भांडण मिटलं. मी इकडे परत आले की ट्रे काढून बसते.

सध्या माझा जीव बोडेवर आहे. घासलेला बोडे मिळत नाही, जे मिळतात ते चकचकीत आणि महाग. गेल्या प्रदर्शनात त्या खोकडवाल्या म्हाताऱ्याकडे एक होता, मध्यम घासलेला, नाव स्पष्ट, धंदा स्पष्ट, एका कडेला कुणीतरी भोक पाडायला सुरुवात करून सोडून दिलेलं. भोकामुळे चाळीस डॉलर उतर म्हणाले. तो म्हणाला, भोक आरपार असतं तर उतरलो असतो. मी पाकीट काढलं नाही, उठलेही नाही. शेवटी त्याने आपल्या कार्डाच्या पाठीवर ‘बोडे, एप्रिलपर्यंत’ असं खरडून सही ठोकली आणि कार्ड माझ्या हातात दिलं. आगाऊ एक सेंट घेतला नाही. भाव मात्र तसूभरही खाली आणला नाही, आणि एप्रिलमध्येही आणेल असं दिसत नाही.